जागेवाली

स्वतःच्या तीन खोल्या असताना, बायकोला घेऊन दुसऱ्याच्या खोलीत भाड्यानं राहणारा मालक तुमी कधी बघितलाय का? आमच्या प्लॉटिंगात व्हता. जोतीराम नाव, आमी त्यांना जोतीआबा म्हणतो. लोक तोंडाला येईल ते बोलायचे. म्हातारा चिक्कट हाय, दिवटं पोरगं निघालं, आईबापाला हाकललं, न्हायतर मग चाळीत भूत हाय म्हणून मालकच पळाला. मी त्या चाळीतली पहिली भाडेकरीण. कुणी मला इचारलं न्हाय. इचारणाऱ्याला खरं नको असतंय, चघळायला पाहिजे असतंय.

माझं नाव द्वारका. माहेर सांगवीचं. नवरा रामहरी, एमआयडीसीत कंपनीला लागला तवा आमी बारामतीत आलो. किल्लारीला भूकंप झाला त्याच वर्षी. कन्हेरीच्या वाटेला एका शेतकऱ्यानं रान मोडून प्लॉट पाडले व्हते. निम्म्या प्लॉटात दगड रोवल्याले, निम्म्यात अजून कडबा पडल्याला. त्यात एकाच ठिकाणी पत्र्याच्या तीन खोल्या उभ्या दिसल्या. दारात आबा बसल्याले, डोक्याला लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. म्हणलं, मालक कुठं हायत? तर म्हणले, "मीच हाय म्हणत्यात."

आबा निरवांगीचे. जातीनं धनगर. सगळा जन्म मेंढरांमागं गेल्याला. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, कोकणात उतरायचं, पाऊस तोंडावर आला की माघारी. सगळा कळप इकून त्यांनी ही जागा घेतली आन खोल्या बांधल्या. पोरगा नागेश हितंच एका वर्कशॉपात कामाला. लोक आबांचं कौतुक करायचे. एमआयडीसी वाढायच्या आधी जागा धरली, धनगराचं डोकं बघा म्हणायचे.

डोकं कसलं आलंय. भाडं कशाशी खात्यात ते त्यांना ठाऊक नव्हतं. पहिला महिना भरला तसे आबा खांद्यावर पिशवी टाकून आले. मी पैसे काढून ठेवले व्हते. तर आबांनी पिशवी माज्यापुढं रिकामी केली. पायलीभर जवारी.

"हे काय, आबा?"

"महिनाभर बसलाय न्हवं माज्या रानात?"

रामहरी हसून हसून लोळायचा राहिला. मग आबांनी सांगितलं तवा कळलं. धनगराची मेंढरं शेतकऱ्याच्या रानात बसली की लेंड्या पडत्यात, मूत मुरतंय, रानाला खत व्हतंय. म्हणून ज्याचं रान तो बसणाऱ्याला धान्य देतोय. आबांच्या बापाला दिलं, आज्याला दिलं. त्यामुळं मालकानं द्यायचं आन बसणाऱ्यानं घ्यायचं, हीच दुनियेची रीत असं माणूस धरून चालल्यालं. "बसणाऱ्यानंच मालकाला द्यायचं, हे कसलं गं उफराटं?" मलाच इचारलं.

म्हणलं, "आबा, आमी लेंड्या टाकत न्हाय. आमी भाडं टाकतो. हे घ्या, आन जवारी माघारी न्या."

पैसे घेतले, पण जवारी काही माघारी नेली न्हाय. रानात बसल्याला माणूस उपाशी ठेवायचा नसतोय म्हणले.

तवापासून भाड्याचा धंदा मीच शिकवला त्यांना. आगाऊ डिपॉझिट घ्या म्हणलं. लाईटबिलाची वाटणी आधीच बोलून घ्या. पावसाआधी पत्रे बघा, गळायला लागल्यावर भाडेकरू भाडं कापतोय. एकट्या पोरांना खोली देताना गावचा माणूस मधी घ्या. आबा मान हलवायचे आन शेवटी आपलंच करायचे. कुणाचं भाडं थकलं तर दारात जाऊन बसायचे, पोराबाळांची इचारपूस करायचे आन उठून यायचे. मी कावायची. म्हणायची, "आबा, असं केलं तर बुडशीला." ते म्हणायचे, "मेंढराला वरडून दूध येत न्हाय गं."

त्यांची बायको सारजामावशी. उंच, वाळकी, पायाला भेगा, बोलणं कमी. दोघं नागेशसंगं शेवटच्या खोलीत राहायची. राहायची म्हणजे नागेश आत, आन ही दोघं भाईर पडवीत. छताखाली घुसमटतंय म्हणायची.

आता खरं ते सांगते. त्या प्लॉटात तीनच खोल्या व्हत्या, पण जागा चार खोल्यांची व्हती. एक कोपरा मोकळा. तितं जमिनीबरोबर कापल्यालं बाभळीचं खोड, आन भवतीनं काट्याच्या फांद्या लावल्याल्या. तितं दोरी बांधायची न्हाय, भांडी घासायची न्हाय, पोरानं खेळायचं न्हाय. दर अमुशेला मावशी तितं पत्रावळीवर निवद ठेवायची. कुणाला म्हणलं तर जागेवाल्याला.

आमच्याकडं परतेक जागेला राखण असती. त्या राखणदाराला जागेवाला म्हणत्यात. आन प्लॉट ज्याच्या नावावर त्यालाबी जागेवालाच म्हणत्यात. मी आबांना चिडवायची, "एका जागेला दोन जागेवाले कसे चालतील? भाडं कुणाच्या हातात द्यायचं?"

आबा हसले न्हाईत. म्हणले, "आधी तिकडं दाखवायचं, मग माज्या हातात द्यायचं." आन खरंच, माज्याकडनं पैसे घेतले की आधी त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. मग खिशात घालायचे.

मला पटत नव्हतं ते एकच. जागेवाला म्हणलं की नारळ, लिंबू, दहीभात, कुठं कुठं अंडं. हितं काय, तर लिमलेटच्या गोळ्या. दिवाळीला लाल रिबीन. एकदा संक्रांतीला तर बारक्या मापाच्या बांगड्या बघितल्या मी. म्हणलं, हा कसला जागेवाला बाई. पण दुसऱ्याच्या देवात नाक खुपसू न्हाय.

मधल्या खोलीत बिऱ्हाडं टिकत नव्हती. एक आलं, गेलं. दुसरं आलं, ते तर महिनाबी भरू न देता गेलं. त्या बाईनं मला जाताना सांगितलं, दुपारच्याला भाईर कुणीतरी पायात वाजवत फिरतंय. दार उघडावं तर कुणी न्हाय.

मी त्या वक्ताला तिला येड्यात काढलं. पण मग मलाबी ऐकू यायला लागलं. रामहरी पाळीला गेल्याला, ऊन मी म्हणतंय, सगळं प्लॉटिंग चिडीचूप, आन मधीच भिंतीच्या पलीकडनं बारीक आवाज. छुम. थांबला. परत छुम. शेजारच्या रानात बैल बांधल्याला असायचा, त्याच्या गळ्यातलं असंल. असंलच. मी मनाची समजूत घातली आन शेगडीला वारा घालत बसले.

त्याच टायमाला सारजामावशी दारात आली. म्हणली, "द्वारके, तुला ऐकू आलं का गं?"

मला वाटलं ही बी घाबरली. तोंडाकडं बघितलं तर भीती न्हाय. आशा व्हती. माज्या तोंडनं व्हय ऐकायला ती आसुसल्याली व्हती. मी भुताला घाबरले नसंल तेवढी त्या बाईच्या तोंडाला घाबरले. म्हणलं, "न्हाय, मावशी. मला काय ऐकू आलं न्हाय." ती माघारी गेली.

आता दुसरी गोष्ट. चाळीला संडास नव्हता. आमी बाया अंधार पडल्यावर न्हायतर फटफटायच्या आधी कॅनॉलकडं जायचो. प्लॉटिंगात घरं वाढली, तशी आडोशाची जागा संपली. मी पोटुशी राहिले तवा माझं डोकं फिरलं. आबांच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हणलं, "आबा, एवढी जागा मोकळी पडलीया. त्या कोपऱ्यात टाकी घ्या, वर संडास बांधा. न्हायतर मी खोली सोडती."

आबांचं तोंड काळंठिक्कर पडलं. म्हणले, "दुसरं कायबी माग."

"दुसरं काय मागू? सोनं मागू?"

"तितं न्हाय, बाय. तितं खांदायचं न्हाय."

नागेश माज्या बाजूनं व्हता. त्याचंबी लगीन ठरत नव्हतं, संडास न्हाय म्हणून पोरगी द्यायला लोक मागंपुढं करायचे. तो बापाला म्हणला, जागेवाल्याला कायतरी देऊ, नारळ फोडू, हात जोडू. आबा उठून निघून गेले.

मग चैत्रात निरवांगीला जत्रा आली. आबा आन मावशी गेली. नागेशनं त्याच दिशी खड्डा खांदायला दोन गडी आणले. मला म्हणला, वहिनी, म्हातारा चार दिस रुसंल, मग आपसूक येईल ताळ्यावर.

दुपार कलायला लागली तसा खड्डा कमरंएवढा झाला. बाभळीचं खोड काढून एका अंगाला टाकल्यालं. मी दारात बसून बघत व्हते. तेवढ्यात एसटीनं आबा-मावशी माघारी आली. मावशीला जत्रंत करमत नव्हतं म्हणं, सारखी चला चला म्हणत व्हती. तिनं काट्याच्या फांद्या बाजूला पडल्याल्या बघितल्या. डोक्यावरची पाटी तितंच टाकली, पळत आली आन खड्ड्यात उडी मारली. गडी भिऊन वर आले. ती हातानं माती चाचपत व्हती, बाजूच्या ढिगातली ढेकळं फोडत व्हती.

मी धरायला गेले. म्हणलं, "मावशी, जागेवाला कोपंल म्हणून एवढं भ्यायचं का? आपण शांती करू."

ती माज्याकडं बघून म्हणली, "जागेवाला न्हाय गं. जागेवाली हाय. माझी छकुली हाय हितं."

नागेशलाबी ठाऊक नव्हतं. त्याच्या जन्माच्या आधीची गोष्ट. आबांनीच मग खड्ड्याच्या काठावर बसून सांगितली, खाली मान घालून.

पहिली लेक छकुली. चालायला लागली तशी मेंढरांमागं पळायची, म्हणून पायात चांदीचे वाळे घातले व्हते, कुठं हाय ते कळावं म्हणून. एका साली कोकणात निघताना वाडा ह्याच रानात पडला व्हता. वाडा म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण, आन त्याच्या कडंनं माणसांचं बिऱ्हाड. पोरीला ताप भरला. डॉक्टरपर्यंत न्यायच्या आत गेली. लहान लेकरू पुरत्यात, जाळत न्हाईत. रानमालकानं बांधाकडंची जागा दाखवली, बाभळीबुडी. आबांनी पुरलं, वर काट्याच्या फांद्या टाकल्या, कुत्र्यांनी उकरू न्हाय म्हणून. वाळे पायातच ठेवले, मावशीनं काढू दिले न्हाईत. आन सकाळी वाडा हलवला. हलवावाच लागतोय. पुढचा शेतकरी वाट बघत असतोय, मेंढरं उपाशी असत्यात. मावशी घोड्यामागनं चालत गेली, माघारी बघत.

दर साली त्या वाटंनं जाताना बाभळीपाशी थांबायची दोघं. मग एका साली बघत्यात तर बाभळी तोडल्याल्या आन रानात दगड रोवल्याले. आबांनी कळप इकला. ज्या प्लॉटात खोड सापडलं तो प्लॉट घेतला. नुसती जागा मोकळी ठेवली तर कुणी अतिक्रमण करंल, शिवाय पोट कशावर भरायचं, म्हणून कुणी सांगितलं तशा भाड्याच्या खोल्या बांधल्या. ह्याला लोक धनगराचं डोकं म्हणत व्हते.

मावशी खड्ड्यात तशीच उभी व्हती. म्हणली, "वाळे घावत न्हाईत."

आबा खाली उतरले. गड्याच्या हातातली कुदळ घेतली आन सोताच खांदायला लागले. मला वाटलं व्हतं ते अडवतील, खड्डा बुजवा म्हणतील. ते खांदत राहिले. काळी माती संपली. मुरूम लागला. बाजूनं खांदलं. वाळा न्हाय, कायबी न्हाय. कधी कुणाची कुदळ न लागल्याली कोरी जमीन. बाभळ चुकली व्हती. रानात बाभळी काय एक व्हती?

नागेश हळूच म्हणला, "आई, म्हणजे बरंच झालं की. हितं कुणी न्हाय."

मावशीनं त्याच्याकडं बघितलं. म्हणली, "मग एवढी वर्सं मी जेवू कुणाला घातलं?"

ते ऐकून माज्या पोटातलं लेकरू हाललं. देवाशपथ सांगते. तवर भूत एका कोपऱ्यात व्हतं, काट्यांच्या आत. आपण बाजूनं गेलं की झालं. त्या दिवसापासनं ते सगळ्या प्लॉटिंगात मोकळं झालं. माज्या चुलीखाली असंल, शेजारणीच्या न्हाणीखाली असंल, रस्त्याखाली असंल. मी फरशीवर पाय टाकताना बघायला लागले. टाकी झाली, संडास झाला, मधली खोली भरली, परत रिकामी झाली न्हाय. नागेशचं लगीनबी झालं. आन त्याच्या पुढच्या महिन्यात आबांनी घोंगडी खांद्यावर टाकली आन मावशीला घेऊन दोन प्लॉट सोडून एका चाळीत भाड्यानं खोली घेतली.

तिथनं सुरू झालं ते. खोली तळालाच पाहिजे. फरशी नसली तर लई बरं. मावशी दुपारी भुईला तळहात लावून पडून राहायची. काही महिने जायचे, मग आबा मालकाला म्हणायचे, "हितं न्हाय. आमी हलतो." मालक म्हणायचा, पंखा न्हाय म्हणून का, पाणी कमी म्हणून का? आबा घोंगडी उचलून चालायला लागायचे. आपल्या खोल्यांचं भाडं घ्यायचे आन दुसऱ्याच्या खोलीचं द्यायचे. नागेशनं पाया पडून सांगितलं, आबा, लोक माज्या तोंडावर थुकत्यात, घरला चला. आबा म्हणले, "लेकरा, वाडा एका जागी बसत नसतोय." नागेश माज्यापाशी येऊन रडला.

मला पोरगी झाली, योगिनी. ती बोलायला लागल्यावर रामहरीनं त्याच प्लॉटिंगात अर्धा गुंठा घेतला. आमी दोन खोल्या बांधल्या आन बाजूला एक भाड्याची काढली. म्हणलं, आबांना शिकवला तो धंदा आता आपणबी करू. मी चुना मारत व्हते तवा दारात सावली पडली. बघते तर दोघं. मावशी लई खंगल्याली, खोकत व्हती.

आबा म्हणले, "द्वारकाबाई, खोली द्यायची हाय म्हणं."

मला राग आला. खरं सांगते, भ्याले म्हणून राग आला. म्हणलं, "आबा, माज्या घरात न्हाय हुडकायचं. माजी बारकी पोर हाय. उद्या मावशी हितंच हाय म्हणली तर मी झोपायचं कसं?"

आबा माघारी वळले. मावशीला हाताला धरून चालवत व्हते. दोन पावलं गेली न्हाईत तर मीच हाक मारली. डिपॉझिट घेतलं न्हाय. रामहरी म्हणला, शिकवणारीच गंडली.

हिवाळाभर मावशी आत पडून. योगिनी तिच्यापाशी जाऊन बसायची, मी बोलवून बोलवून थकायची. उन्हं तापायला लागली तसं मावशीचं जेवण तुटलं. एक दिस मी पेज घेऊन गेले, आबा भाईर गेल्याले. मावशीनं माजा हात धरला. म्हणली, "द्वारके, म्हाताऱ्याला तू हितनं काढणार न्हाईस न्हवं?"

म्हणलं, "काय बोलता, मावशी. जलमभर राहू देत."

"मग बरं झालं." डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिशी तिनं आबांना हाक मारली. मी दारातच व्हते. तिनं घोंगडीखालनं हात काढला, भुईला लावला. लई वेळ तसाच ठेवला. मग म्हणली, "हितंच हाय ती. आता वाडा हलवू नका."

आबा तिच्यापाशी वाकले. "खरं का, सारजे?"

"मी आई हाय. मला कळतंय."

ती त्याच आठवड्यात गेली. आबांनी परत वाडा हलवला न्हाय. माज्याच खोलीत राहत्यात, एकतारखेला भाडं आणून देत्यात. देण्याआधी ते खोलीच्या कोपऱ्यात उभे राहत्यात, मग माज्या हातात ठेवत्यात. मावशी खरं बोलली का म्हाताऱ्याच्या पायाला इसावा दिला, ते मला आजवर कळलं न्हाय. कधी वाटतं नुसता इसावा. कधी दुपारच्याला भांडी घासताना हात आपसूक थांबतोय आन मी कान देते.

परवाची अमुशा. योगिनी तोंडात लिमलेटची गोळी घेऊन पळत आली, ओठ लाल. आबांनी खोलीच्या कोपऱ्यात ठेवल्याल्या पत्रावळीवरनं उचलल्याली. मी हात उगारला, तोंडातनं काढ म्हणलं. आबा दारात बसले व्हते. ते हसले. एवढ्या वर्सांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

"खाऊ दे," म्हणले. "तिच्यासाठीच ठेवली व्हती."

कुणासाठी, ते मी इचारलं न्हाय. हात खाली घेतला आन योगिनीला म्हणलं, चावून खा, घशात अडकंल.